मोठ्या कंपनीतल्या साइट्सची आखणी: विभागांचा तक्ता बाजूला ठेवा

दप्तरखाना (धागाकर्ती)

कारखान्यातल्या एका यंत्राशेजारी प्लॅस्टिकच्या पाकिटात कामाची सूचना टांगलेली होती, आवृत्ती ४. पाळी बदलल्यावर नव्या तंत्रज्ञाने टॅबलेटवर तीच सूचना शोधली, तर दोन सापडल्या. दोन्ही आवृत्ती ६. एक गुणवत्ता विभागाच्या साइटवर (साइट म्हणजे कंपनीच्या अंतर्गत जाळ्यावरची दस्तऐवज ठेवायची जागा), दुसरी उत्पादन विभागाच्या. दोन्हींवर 'मंजूर' असा शेरा आणि बोल्ट किती घट्ट करायचा तो आकडा दोन्हींत वेगळा. त्याने पर्यवेक्षकाला फोन केला, पर्यवेक्षकाने गुणवत्ता विभागाला. तोवर काम थांबलेलं. साइट्सच्या फेरआखणीसाठी मी तिथे गेले होते आणि नेमकी शेजारी उभी होते.

सॉफ्टवेअर ठणठणीत होतं. साइट्सची विभागणी करताना कुणीतरी विभागांचा तक्ता समोर ठेवून प्रत्येक चौकटीला एक साइट दिली होती. सूचना दोन्ही विभागांची, म्हणून दोन्हीकडे चढवली गेली. पुढे एकीकडे दुरुस्ती झाली, दुसरीकडे राहून गेली.

त्या दिवसापासून मी प्रत्येक बैठकीत हेच सांगत आले आहे, इथेही तेच मांडते. साइट कामावरून ठरवा, विभागावरून नको. आणि ती उघडायच्या आधी तिला नावानिशी मालक द्या. विभागांचा तक्ता वरचेवर बदलतो, दस्तऐवज त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त जगतात.

माझं काम मुख्यतः शेअरपॉइंटवरचं (मायक्रोसॉफ्टची दस्तऐवज साठवण्याची आणि वाटण्याची प्रणाली), म्हणून उदाहरणं तिथली. डॉक्युमेंटम, फाइलनेट, अल्फ्रेस्को अशा तशाच दुसऱ्या प्रणाली वापरणाऱ्यांनी शब्द बदलून वाचावं, दुखणं तेच आहे.

शेअरपॉइंट २००१ मध्ये आलं. २००७ आणि २०१० च्या आवृत्त्यांच्या काळात बहुतेक ठिकाणी एकच नमुना गिरवला गेला. वर एक मोठी साइट, तिच्याखाली विभागाची उपसाइट, तिच्याखाली उपविभागाची, तिच्याखाली टीमची. परवानग्या वारशाने वरून खाली उतरायच्या आणि उतरंडीतली प्रत्येक पायरी वेबपत्त्यात लिहिली जायची. कागदावर फार देखणं दिसतं हे.

मग एक दिवस खरेदी विभाग वित्ताकडून निघून पुरवठा साखळीकडे जातो. उपसाइट एका झाडावरून काढून दुसऱ्यावर लावायला सरळ मार्ग नाही. कशीबशी हलवली तरी पत्ता बदलतो, आणि मेलमधल्या, एक्सेलमधल्या, भिंतीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडमधल्या सगळ्या लिंका तुटतात. म्हणून कुणी हलवत नाही. खरेदीची साइट वित्ताच्या पोटातच राहते. नव्या माणसाला ती तिथे असेल असं सुचत नाही, तो नवी साइट मागतो आणि त्याला ती मिळते. दोन आवृत्ती ६ अशाच जन्माला येतात.

आता पद्धत सपाट मांडणीची आहे. प्रत्येक साइट स्वतंत्र, कुणीच कुणाच्या पोटात नाही, आणि त्यांना एकत्र बांधायला हब साइट. ही सोय २०१८ मध्ये आली. हबशी जोडलेल्या साइट्सना सामायिक मेनू मिळतो, एकसारखं रूप मिळतं, त्यांच्या बातम्या एका ठिकाणी दिसतात आणि शोध तेवढ्या साइट्सपुरता घेता येतो. साइटचा पत्ता मात्र तोच राहतो. उद्या खरेदी विभाग इकडून तिकडे गेला तर फक्त जोडणी बदलायची.

यातून एक गोष्ट निघते, ती मला फार उशिरा उमगली. हब विभागांचे केले तरी चालतात, कारण जोडणी बदलणं सोपं आहे. साइट मात्र कामाचीच हवी, कारण तिच्या आत एकदा दस्तऐवज, लिंका आणि परवानग्या रुजल्या की ती उपटता येत नाही. एक साइट एका वेळी एकाच हबशी जोडता येते, हे आधीच लक्षात घ्या. नाहीतर 'आमची साइट दोन्हीकडे दिसायला हवी' हा वाद बैठकीत तासभर चालतो. दुसऱ्या हबच्या मेनूत साधी लिंक द्यायची, वाद मिटतो.

काम म्हणजे नेमकं काय, ते ठरवायला मी दस्तऐवजांच्या प्रत्येक गठ्ठ्याला तीन प्रश्न विचारते. कोण वाचतं? कोण लिहितं? आणि हे संपतं कधी? दोन गठ्ठ्यांची उत्तरं वेगळी आली की साइट वेगळी. मनुष्यबळ विभाग घ्या. रजेचे नियम सगळे वाचतात, दोघे-तिघे लिहितात, आणि ते कंपनी आहे तोवर चालू. उमेदवारांचे अर्ज मोजके लोक वाचतात आणि ठरावीक मुदतीनंतर ते नष्ट करावे लागतात. नव्या पगारप्रणालीचा प्रकल्प तीन विभाग मिळून लिहितात आणि वर्षभरात तो संपतो. विभाग एक, साइट्स तीन. हे तिन्ही एका साइटवर कोंबले की परवानग्यांचा असा गुंता होतो की कोणाचा पायपोस कोणाच्या पायात राहत नाही.

तुमचे अनुभव वाचायला आवडतील, विशेषतः जिथे हे जमलं नाही तिथले.

कळफलक

उत्तम लेख, वाचनखूण साठवली. विभागाचं पटलं. पण लोकांना फोल्डर हवे असतात, त्याचं काय करायचं? आमच्याकडे सल्लागारांनी सांगितलं की फोल्डर बंद, सगळं रकान्यांवर (फाइलीसोबत भरायच्या प्रकार, वर्ष अशा माहितीवर) चालवा. आठ रकाने सक्तीचे केले. सहा महिन्यांनी बघितलं तर बहुतेक फायलींवर प्रत्येक रकान्यात यादीतला पहिलाच पर्याय. लोकांनी फाइल चढवण्यासाठी दिसेल ते निवडलं आणि पुढे गेले.

दुसरी शंका. एका लायब्ररीत, म्हणजे साइटमधल्या फायलींच्या साठ्यात, ६२,००० फायली झाल्या आणि आता गाळणी लावली की व्ह्यू, म्हणजे फायलींची यादी, उघडतच नाही. आयटीवाले म्हणतात ५,००० च्या वर जाऊ नका. मग लायब्ररीत ३ कोटी फायली मावतात असं लिहिलेलं असतं ते कशाला?

दप्तरखाना

कळफलक, दोन्ही आकडे खरे आहेत, ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. ३ कोटी म्हणजे साठवता किती येतात. ५,००० म्हणजे एका दमात डेटाबेसकडून किती मागता येतात.

या ५,००० मागे ठोस कारण आहे. शेअरपॉइंटच्या खाली एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस आहे. एखाद्या प्रश्नाचं उत्तर काढताना तो ओळींना कुलुपं लावतो. एका टेबलावर अशी सुमारे ५,००० कुलुपं झाली की एकेक सांभाळण्यापेक्षा तो अख्ख्या टेबलालाच कुलूप लावू पाहतो. आणि एका कंटेंट डेटाबेसमधल्या (साइट्सचा मजकूर साठवणाऱ्या डेटाबेसमधल्या) सगळ्या याद्यांच्या, सगळ्या लायब्ररींच्या ओळी एकाच टेबलात असतात. तुमचा ६२,००० फायलींचा व्ह्यू तसाच चालू दिला असता तर ज्यांचा तुमच्या लायब्ररीशी काडीचा संबंध नाही अशा साइट्सही खोळंबल्या असत्या. म्हणून तो अडवला जातो. आजही क्लाउडवर मर्यादा तीच आहे.

तेव्हा लायब्ररी मोठी झाली म्हणून तोडू नका. ज्या रकान्यावर नेहमी गाळणी लावता, उदाहरणार्थ वर्ष किंवा प्रकल्प क्रमांक, त्याला इंडेक्स (जलद शोधासाठीची सूची) लावा आणि व्ह्यूच्या गाळणीत तो पहिला ठेवा. एका लायब्ररीत असे २० रकाने इंडेक्स करता येतात. पहिल्याच गाळणीने ५,००० च्या खाली आलं की गाडं चालतं. हे लायब्ररी रिकामी असताना करून ठेवलं तर पाच मिनिटांचं काम आहे, भरल्यावर केलं तर रात्र जाते.

फोल्डरबद्दल मी पूर्वी त्या सल्लागारांसारखीच कडक होते, आता नाही. माणसाचा हात फोल्डरकडे जातो, त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. लायब्ररीच्या सेटिंगमध्ये एक सोय आहे, फोल्डरनुसार रकान्याचं ठरलेलं मूल्य. 'तपासणी अहवाल' या फोल्डरवर 'प्रकार = अहवाल' असं एकदा लावून ठेवलं की त्यात पडणाऱ्या फाइलीवर ते आपोआप लिहिलं जातं. माणसाने फोल्डर वापरला, यंत्राला रकाना मिळाला. सक्तीचे रकाने दोन किंवा तीन, जास्त नकोत. १९९५ पासून घडत आलेल्या डब्लिन कोअर या साहित्याच्या वर्णनाच्या मानकामध्ये सगळ्या प्रकारच्या साहित्यासाठी मिळून १५ घटक आहेत आणि त्यातला एकही सक्तीचा नाही. एका लायब्ररीला आठ सक्तीचे रकाने कशाला लागतात?

फोल्डरांत फोल्डर मात्र टाळा. फाइलच्या नावासकट पूर्ण मार्ग ४०० अक्षरांच्या आत बसावा लागतो, आणि फाइल सर्व्हरवरून आणलेली सात-आठ पायऱ्यांची झाडं स्थलांतरात इथेच अडकतात.

नोंदणीकार

मी अभिलेखांच्या बाजूने येतो, म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर जोर देतो: हे संपतं कधी. आखणीच्या बैठकीत हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो किंवा येतच नाही. आयएसओ १५४८९ हे अभिलेख व्यवस्थापनाचं मानक २००१ चं, २०१६ मध्ये सुधारलेलं. त्यातून मी घेतलेला धडा हा की नोंद तयार होण्याच्या आधी तिचं आयुष्य ठरलेलं असावं.

व्यवहारात एक चूक वारंवार बघतो. लोक 'सात वर्षं ठेवा' एवढंच लिहितात. कशापासून सात वर्षं? फाइल तयार झाल्यापासून की करार संपल्यापासून? पंधरा वर्षं चालणाऱ्या कराराची मूळ प्रत तयार झाल्यापासून सात वर्षांनी पुसली गेली तर करार चालू असताना पुरावा गेला. म्हणून चालू करार आणि संपलेले करार असा फरक यंत्राला दिसेल असा रकाना हवा, आणि मुदत त्या समाप्तीच्या दिनांकापासून मोजायला हवी.

आणि कृपा करून रिसायकल बिनला बॅकअप समजू नका. क्लाउडवरच्या शेअरपॉइंटमध्ये तिथे ९३ दिवस मिळतात, तेही वापरकर्त्याची पेटी आणि तिच्यामागची प्रशासकाची पेटी असे दोन्ही टप्पे मिळून. वार्षिक लेखापरीक्षणाला फाइल लागते तेव्हा ते ९३ दिवस केव्हाच उलटलेले असतात.

दप्तरखाना

नोंदणीकार, करारांचं उदाहरण मी माझ्या कार्यशाळेत वापरणार, परवानगी द्यावी. :)

तिसरी_पाळी

लेख चांगला आहे पण एका मुद्द्यावर असहमती. 'साइट उघडायच्या आधी मालक, तीन प्रश्न, आखणी' हे सगळं ऐकायला छान वाटतं. आमच्या आधीच्या कंपनीत याच विचाराने साइट मागण्याचा अर्ज केला होता. तेवीस प्रश्न, दोन सह्या, तीन आठवडे. परिणाम काय झाला? लोक मेलला फाइल जोडून पाठवायला लागले. काहींनी स्वतःच्या वनड्राइव्हवर (वैयक्तिक क्लाउड साठ्यावर) फोल्डर केला आणि पन्नास जणांना वाटला. तो माणूस नोकरी सोडून गेला आणि प्रकल्पाचे कागद शोधताना सगळ्यांची दमछाक झाली. दार घट्ट लावलं की माणसं खिडकीतून जातात. साइट लगेच मिळाली पाहिजे.

दप्तरखाना

तिसरी_पाळी, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते मी लेखातच लिहायला हवं होतं. टीम्समध्ये (मायक्रोसॉफ्टच्या गटसंवादाच्या अ‍ॅपमध्ये) नवी टीम केली की मागे एक शेअरपॉइंट साइट तयार होतेच, खासगी चॅनलला तर आणखी वेगळी. म्हणजे दार बंद ठेवलंय असं नुसतं वाटतं.

माझा आताचा अनुभव असा की टीमच्या रोजच्या कामाच्या साइट्स लगेच द्याव्यात, काही मिनिटांत, तीन रकान्यांच्या अर्जावर: कशासाठी, दोन मालक कोण, प्रकल्प असेल तर अंदाजे शेवट कधी. दोन मालक सक्तीचे, एक गेला तर दुसरा असतो. कडक छाननी फक्त ज्या साइट्स सगळी कंपनी वाचते त्यांची, म्हणजे नियम, कार्यपद्धती, सूचना यांची. अशा साइट्स हजार माणसांच्या कंपनीतही फार थोड्या असतात, तिथे आठवडा गेला तरी कुणाचं अडत नाही.

मुदत यंत्राकडून पाळून घ्यायची. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या गटांना (टीम आणि तिची साइट अशा गटाला जोडलेली असते) कालावधी लावता येतो, १८० दिवस, ३६५ किंवा आपण ठरवू तितके. मुदत संपायच्या ३०, १५ आणि १ दिवस आधी मालकांना मेल जातो. गट वापरात असेल तर मुदत आपोआप वाढते. पुसला गेलाच तर ३० दिवस परत आणता येतो. मालकच उरला नसेल तर तो मेल कुठे जाणार हे मात्र आधी ठरवून ठेवावं लागतं. तिथे एका खऱ्या माणसाचा पत्ता हवा, कुणीच न उघडणारी सामायिक पेटी नको.

उंबरठा

परवानग्यांवर कुणी फार बोललं नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडे एका साइटवर घाईत 'एव्हरीवन एक्सेप्ट एक्स्टर्नल यूजर्स', म्हणजे बाहेरचे सोडून कंपनीतले सगळे, हा गट घातला गेला होता. दोन दिवसांसाठी. चार वर्षं राहिला. कुणाला कळलं नाही, कारण ती साइट कुणाच्या मेनूतच नव्हती. मग कोपायलट (मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस) सुरू झालं. एका सहकाऱ्याने वेतनवाढीच्या धोरणाबद्दल साधा प्रश्न विचारला आणि उत्तरात दुसऱ्या विभागाच्या वेतनपत्रकातले आकडे आले. मी त्याच्या बाजूला बसले होते. त्याने लॅपटॉप झाकला आणि आधी मला विचारलं, "मी काही चुकीचं केलं का?" त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. त्याला ती फाइल उघडायचा अधिकार चार वर्षांपूर्वीच देऊन ठेवला होता.

दप्तरखाना

उंबरठा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. त्या सहकाऱ्याचा प्रश्न वाचून कसंसंच झालं.

शोध आणि कोपायलट दोघेही विचारणाऱ्याला जेवढी परवानगी आहे तेवढंच दाखवतात. आजवर चुकीच्या परवानग्या झाकल्या जात होत्या, कारण फाइल कुठे आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक असायची गरज उरलेली नाही. म्हणूनच परवानगी साइटच्या पातळीवर द्यायची आणि तिथेच थांबायचं, असा माझा आग्रह असतो. फाइल-फाइलला वेगळी परवानगी देत गेलं की काही महिन्यांत कोणाला काय दिसतं ते कुणीच सांगू शकत नाही. एका लायब्ररीत अशा वेगळ्या परवानग्या ५०,००० पर्यंत चालतात, पण मायक्रोसॉफ्टचीच शिफारस ५,००० च्या आत राहण्याची आहे. एखाद्याला लिंक देऊन फाइल शेअर केली तरी त्या फाइलीची परवानगी वेगळी निघते, तेव्हा हा आकडा वाटतो त्यापेक्षा लवकर गाठला जातो.

वेतनपत्रकं वेगळ्या साइटवर असती, तर घाईत घातलेल्या त्या गटाने फार तर धोरणाचे मसुदे उघडे पडले असते. 'कोण वाचतं' हा प्रश्न मी पहिला ठेवते तो यासाठी.

बोरू

एक छोटी शंका. साइट्सची नावं मराठीत ठेवावीत का? आमची टीम मराठीत काम करते, पण लिंक मेलमध्ये चिकटवली की टक्क्यांच्या चिन्हांची भली मोठी रांग येते.

दप्तरखाना

नाव जरूर मराठीत ठेवा, माणसं तेच वाचतात. पत्ता मात्र रोमन लिपीत आणि छोटा ठेवा. यूटीएफ-८ या संगणकीय अक्षर-संकेतामध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइट तीन अक्षरांत लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं. 'कि' मध्ये क आणि वेलांटी अशी दोन चिन्हं, म्हणजे अठरा. साइट तयार करताना नाव टाकलं की पत्ता आपोआप सुचवला जातो, तो तिथेच बदलायचा. नाव पुढे कितीही वेळा बदला, पत्त्याला धक्का लागत नाही. पत्त्यात विभागाचं नाव घालू नका, हे ओघाने आलंच.

कळफलक

परत आलो. सगळं पटलं, पण आमच्याकडे कोरी पाटी नाही. आत्ताच १,४०० साइट्स आहेत, त्यातल्या कितीतरी चार-चार पायऱ्यांच्या उपसाइट्स. शिवाय सर्व्हरवरचं शेअरपॉइंट २०१६ आहे. सुरुवात कुठून करू?

दप्तरखाना

२०१६ आणि २०१९ दोन्हींचा सपोर्ट संपण्याची तारीख १४ जुलै २०२६ आहे, म्हणजे हलायचं तर आहेच. जे आहे ते जसंच्या तसं उचलून क्लाउडवर ठेवण्याचा मोह होईल, तो टाळा.

आधी नव्या उपसाइट्स बंद करा. मग १,४०० ची यादी काढून फक्त दोन रकाने भरा: शेवटचा बदल कधी झाला आणि मालक कोण. दुसरा रकाना भरताना फोन करावे लागतील, ते कंटाळवाणं काम आहे, पण तेच खरं काम आहे. ज्या साइटचा मालक कुणीच व्हायला तयार नाही ती हलवू नका. फक्त वाचण्यापुरती करा आणि पहिल्या पानावर ठळक लिहा, 'अमुक तारखेपासून बंद, लागत असेल तर यांना कळवा'. ती तारीख ठरवण्याआधी नोंदणीकारांसारख्या कुणाकडून एकदा तपासून घ्या.

जिवंत साइट्सपैकी सगळ्यात जास्त वाचली जाणारी एकच निवडा. ती वापरणाऱ्या पंधरा जणांना दस्तऐवजांच्या नावांच्या चिठ्ठ्या द्या आणि त्यांना वाटेल तसे गठ्ठे करायला सांगा. गठ्ठ्यांना नावंही त्यांनाच देऊ द्या. तुम्ही बोलू नका, नुसतं बघा. त्या कारखान्यात मी हे केलं तेव्हा गुणवत्ता आणि उत्पादन अशी नावं एकानेही दिली नाहीत. त्यांनी गठ्ठे केले ते यंत्रांच्या नावांनी.

कळफलक

यंत्रांच्या नावांनी! मग शेवटी त्या दोन सूचनांचं काय केलंत?

दप्तरखाना

एक साइट केली, 'कामाच्या सूचना'. मालक दोन, एक गुणवत्तेतली, एक उत्पादनातला. दोघांनी मंजूर केल्याशिवाय आवृत्ती प्रसिद्ध होत नाही, आणि तोवर बाकीच्यांना मसुदा दिसतच नाही. यंत्राच्या नावाचा रकाना इंडेक्स केलेला. यंत्राशेजारच्या पाकिटात आता कागद नाही, क्यूआर कोड आहे. तो त्या यंत्राच्या व्ह्यूवर नेतो, फाइलवर नेत नाही, त्यामुळे आवृत्ती बदलली तरी कोड बदलावा लागत नाही. बोल्टचा बरोबर आकडा उत्पादनाच्या साइटवरचा निघाला.

दोन्ही विभागांच्या जुन्या साइट्सवर त्या जागी लिंक ठेवली आहे. मागच्या वर्षी ते दोन विभाग एकाच प्रमुखाखाली आले. साइटवर काहीच करावं लागलं नाही, फक्त हब बदलला.

कळफलक

धन्यवाद. उद्या सकाळी यादी काढायला घेतो. दुसऱ्या रकान्याचे फोन सुरू झाले की इथेच कळवेन.